जबड्याचा सांधा दुखू लागला तर दंतोपचार कोणत्या क्रमाने घ्यावेत

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. बोटाखाली जे हाड पुढे सरकते आणि पुन्हा मागे जाते, तेथेच जबड्याचा सांधा आहे. कवटीचा खळगा आणि खालच्या जबड्याचे टोक यांच्यामध्ये चिवट ऊतीची एक लहान चकती असते. ही चकती जागची हलली, सांधा झिजला किंवा गालातले व कानशिलावरचे चावण्याचे स्नायू दिवसभर आवळलेले राहिले, की कानापुढे ठणका लागतो, सकाळी उठताना डोके जड होते आणि भाकरीचा घास चावतानाच जबडा थकतो. सांध्याचे दुखणे कानातून येते आहे असे वाटणे स्वाभाविक असल्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर-निपाणीकडील अनेक जण आधी कानात औषध घालतात, त्यानंतर दाढेवर संशय घेतात आणि क्वचित चांगली दाढही काढून बसतात. या दुखण्यात बहुतेकांना साध्या उपायांनीच आराम पडतो. म्हणून जे उपचार थांबवता येतात ते आधी आणि जे परत फिरवता येत नाहीत ते अगदी शेवटी, हा क्रम रुग्णाने स्वतःही धरून ठेवला पाहिजे.

पहिली पायरी : दुखणे सांध्याचेच आहे का, ते पाहावे

आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडावे आणि स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का ते पाहावे. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४० मिलिमीटर किंवा त्याहून थोडे जास्त उघडते. उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का, आवाज कोणत्या बाजूने येतो आणि दुखणे सकाळी जास्त असते की संध्याकाळी, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवली तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. नुसता ‘कट्’ असा आवाज येत असेल, पण दुखत नसेल आणि तोंडही नीट उघडत असेल, तर त्यावर उपचाराची गरज नसते.

आपल्या भागात एक गोष्ट विशेष काळजीने तपासावी लागते. सुपारी, गुटखा किंवा मावा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट लागताच आग होऊ लागली आणि गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठर झाली, तर तो सांध्याचा विकार नसून सुपारीमुळे होणारा सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचे आतले अस्तर ताठर होण्याचा आजार, असण्याची शक्यता मोठी असते. त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. अशा माणसाने जबड्याचे व्यायाम करीत महिने घालवू नयेत; सुपारी त्याच दिवशी सोडून तोंडाची तपासणी करून घ्यावी.

काही लक्षणांत दंतवैद्याची वाटही पाहू नये. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तातडीने रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर कानशिलाशी नवी डोकेदुखी सुरू झाली, चावताना जबडा भरून येऊ लागला आणि दिसण्यात फरक पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. जखमेनंतर दातखीळ बसणे, ताप व सूज येणे, पडल्यावर दात पूर्वीसारखे न जुळणे किंवा जांभई देताना तोंड उघडेच अडकणे, ही लक्षणेही तशीच तातडीची समजावीत. उघडे अडकलेले तोंड घरच्यांनी ओढाताण करून बसवू नये.

दुसरी पायरी : सांध्याला विश्रांती द्यावी

दोन ते तीन आठवडे मऊ अन्न घ्यावे. त्यासाठी वेगळे काही शिजवण्याची गरज नाही. गुरगुट्या भात, नाचणीची आंबील, उप्पीट, इडली आणि आमटीत कुस्करून मऊ केलेली भाकरी पुरते. कडक भाकरीचा पापुद्रा, फुटाणे, चिक्की, च्युइंगम आणि मोठा आ करून खायचे पदार्थ टाळावेत. कारखान्याच्या हंगामात दातांनी ऊस सोलून खाण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. दुखणे असेपर्यंत तरी रसावर समाधान मानावे, कारण ऊस सोलताना जबडा एका बाजूला जोराने ओढला जातो.

जेवणाव्यतिरिक्त वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकता कामा नयेत, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या किंचित मागे टाळूला लावलेले, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. शिवणयंत्रावर बसलेली बाई, हिशेब तपासणारा कारकून, दुचाकीवरून खड्ड्यांच्या रस्त्याने जाणारा तरुण, हे सारे नकळत दात आवळून धरतात. घरात नजर जाईल अशा दोन-तीन ठिकाणी खूण चिकटवावी आणि ती दिसताच दात सुटे करावेत. जीभ टाळूला लावूनच तोंड सावकाश व सरळ उघडण्याचा व्यायाम एका वेळी सहा आवर्तने याप्रमाणे दिवसातून सहा वेळा करावा. दुखेल इतके मात्र ताणू नये. स्नायूंवर कोमट ओल्या फडक्याचा शेक पंधरा मिनिटे द्यावा. नुकताच मार लागला असेल, तर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ योग्य.

दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात. परंतु आम्लपित्त, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत.

तिसरी पायरी : दंतवैद्याकडे जावे

दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर तपासणी करून घ्यावी. बेळगावात केएलईचे व्ही. के. दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय अशी दोन शिक्षण-रुग्णालये आहेत. अशा ठिकाणी सर्व विभाग एका छताखाली असल्यामुळे एकाच फेरीत दात, स्नायू आणि सांधा तिन्ही पाहून घेता येतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, नोंदींची वही व चालू औषधे सोबत न्यावीत. केसपेपरवरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. निदान काय झाले ते मराठीतून समजावून सांगण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये. ओपीजी नावाच्या एक्स-रेमध्ये हाडे व दाढा दिसतात, चकती मात्र दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो आणि तो प्रत्येकाला आवश्यक नसतो.

पुष्कळदा येथे स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायची, काढता-घालता येणारी पट्टी, सुचवली जाते. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांचे दात झिजण्यापासून ती वाचवते आणि काहींचे सकाळचे दुखणे हलके करते. दातांचे माप घेऊन कडक ॲक्रिलिकची पारदर्शक स्प्लिंट बनवतात. ती त्या ओळीतील सर्व दातांवर बसणारी असावी, कारण थोड्याच दातांवर बसणाऱ्या स्प्लिंटमुळे उरलेले दात जागा सोडू शकतात. ती देताना डॉक्टर दातांमध्ये पातळ रंगीत कागद धरून चावायला सांगतात. स्प्लिंटवर उमटलेले ठिपके दोन्ही बाजूंना सारखे येईपर्यंत ती घासून जुळवावी लागते, आणि हे काम एका भेटीत संपत नाही. स्प्लिंट हातात घेऊन घरी गेलेला आणि पुन्हा न फिरकलेला रुग्ण अर्धाच उपचार घेतो. स्प्लिंट गार पाण्याने व मऊ ब्रशने धुवावी. गरम पाण्यात तिचा आकार बिघडतो.

स्प्लिंटवरच सगळी भिस्त ठेवू नये, असेही येथे सांगणे भाग आहे. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये दीर्घकाळच्या जबडादुखीसाठी प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केले जाणारे स्नायूंचे उपचार आणि ताण हाताळायला शिकवणारे मानसोपचार यांना झुकते माप दिले आहे. स्प्लिंटबाबत तेथे हात आखडता घेतला आहे. म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जाण्यासाठी चिठ्ठी मिळेल का, हे रुग्णाने आपणहून विचारावे.

चौथी पायरी : न परतणारे उपचार नीट विचारूनच घ्यावेत

दात घासून चावा ‘बरोबर’ करणे, केवळ सांध्यासाठी अनेक दातांना कॅप बसवणे किंवा तारा लावणे, यांनी सांध्याचे दुखणे बरे होते असा भक्कम पुरावा नाही आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. दाढ किडलेली असेल किंवा अक्कलदाढेला सूज असेल, तर तिचा उपचार त्या कारणासाठी अवश्य करावा. एरवी ‘हे न केल्यास काय होईल?’ हा प्रश्न विचारावा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

चकती अडकून तोंड एकाएकी उघडेनासे झाले आणि साध्या उपायांनी सुटले नाही, तर तोंड व जबड्याचे शल्यचिकित्सक सुयांवाटे सांधा सलाईनसारख्या द्रवाने धुऊन काढतात. यात चिरफाड नसते. उघडी शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. १९८० च्या दशकात अमेरिकेत सांध्यात प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची कृत्रिम चकती बसवलेल्या अनेकांचे हाड झिजले व ती उत्पादने परत बोलवावी लागली, तेव्हापासून सर्जनही या बाबतीत सावध झाले. मात्र लहानपणी हनुवटीवर पडल्यानंतर मुलाचा सांधा हाडाने जुळून गेला असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नसतो, आणि उशीर झाल्यास चेहऱ्याची वाढ खुंटते. अशा मुलाला ‘मोठेपणी बघू’ म्हणून थांबवू नये.

उपचार सुरू झाल्यावर सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तीन बोटांची चाचणी करावी व जुन्या नोंदींशी ताडून पाहावी. दुखणे थांबले असेल तर स्प्लिंट डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. सकाळी ती काढल्यावर चावा थोडा वेळ वेगळा लागतो. परंतु दुपारपर्यंतही दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर वापर थांबवून ती डॉक्टरांना नेऊन दाखवावी.