गरोदर बाईच्या खाण्याची नोंद घेताना या चुका टाळा

नोंदवहीत 'आहार : चांगला' एवढंच लिहिलेलं दिसलं की मी ते पान पुन्हा भरायला लावते. बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर हे काम करताना नव्या मुलींच्या त्याच त्या चुका बघून आता जीव तुटतो.

पहिली चूक म्हणजे सासूसमोर विचारणं. धारूरकडच्या एका वस्तीवर सातव्या महिन्यातली सून होती. तिन्ही भेटींची नोंद एकच : दोन भाकरी, वरण, पालेभाजी, रात्री दूध. हिमोग्लोबिन मात्र ९.८ वरून ८.१ वर आलेलं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. मी गेले तर सासूच सांगायला लागली, "आमच्यात खाण्यापिण्याला कमी न्हाई, बाई." सून खाली मान घालून गप्प. मी काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली तेव्हा चुलीपाशी जाऊन टेकले आणि विचारलं, दुरडीत भाकरी किती झाल्या, जेवणारी माणसं किती, शेवटी कोण बसतं?

"सगळ्यायचं झाल्यावर जे राहतंय ते खाते, ताई."

राहायची अर्धी भाकर आणि तिखट. कोरड्यासाचं, म्हणजे वरण-भाजीचं, भांडं तोवर पुसलेलं, दूध सकाळीच डेअरीला गेलेलं. बोलता बोलता तिनं चुलीच्या कडेची माती नखानं खरवडून तोंडात टाकली. ती माती खाते हे तीन भेटींत कुणाला कळलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे डोहाळे म्हणून सोडून देऊ नका. अंगात लोह कमी असताना असं बरेचदा होतं. न रागावता विचारलं की बाया सांगतात.

तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. सासूला बोल लावला नाही, तिनंही आपल्या वेळी उरलेलंच खाल्लेलं. तिलाच म्हटलं, भाकरी झाल्या की सुनेचं ताट आधी वाढून झाकून ठेवा. तिनं ठेवलं.

दुसरी चूक, एका दिवसावरून आठवडा लिहिणं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर घरात मेथी, शेपू, वांगी असतात. पाचव्या दिवशी चटणी-भाकर असते. संकष्टीच्या दिवशी गेलात तर नुसता साबुदाणा. मी दोन साधे दिवस आणि एक बाजाराचा दिवस धरते. वेळ जातो, पण एका दुपारीत वीस घरं उरकून मोबाइलवर खुणा करणाऱ्यांच्या नोंदीवर माझा विश्वास नाही.

भाकरी नुसती मोजू नका, एका भाकरीला पीठ किती ते परातीत दाखवायला सांगा. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळपास १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाएवढ्या. कुणाची एक भाकर तेवढ्या पिठाची, कुणाची त्याच्या निम्म्या.

ऊसतोडीहून परतलेल्या बाईची दिवाळीतली, जाण्याआधीची नोंद पुढे ओढू नका. फडावर पहाटे थापलेली भाकर ती दिवसभर पुरवत होती.

अंगणवाडीतून मिळालेला आहार तिनं खाल्ला असं धरू नका. घरातली लेकरं आधी खातात.

"लाल गोळी घेता का?" याचं उत्तर कायम "हो" असतं. पाकीट मागा आणि त्यातली गोळ्यांची रिकामी घरं मोजा. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, रोज एक अशी १८० दिवस. तीच गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. मळमळते म्हणून सोडली असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, वरणावर लिंबू पिळायला सांगा.

मिश्रीचं, म्हणजे दाताला लावायच्या भाजलेल्या तंबाखूचं, मात्र घरात विचारू नका. बाई निरोप द्यायला अंगणात येते, तेव्हा विचारा.