माशीने मासा पकडायचा तर: फ्लाय फिशिंगची सुरुवात

साध्या गळाला पुढे शिशाचं वजन असतं, ते भिरकावलं की मागून दोरी आपोआप ओढली जाते. फ्लाय फिशिंगचं सगळं उलटं. फ्लाय म्हणजे काट्यावर पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, फुंकर मारली तरी उडेल अशी, मग ती लांब फेकणार कशी? म्हणून इथे वजन दोरीतच असतं. आपण दोरी फेकतो आणि माशी तिच्या शेपटाला लटकून जाते. हे एकदा डोक्यात बसलं ना की सामान काय घ्यायचं, हात कसा हलवायचा, बरंचसं त्यातूनच कळत जातं. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला मी जीव खाऊन माशी फेकायचो आणि दोरीचा गुंता माझ्याच पायाशी पडायचा.

आता सामान. रॉडवर, म्हणजे गळाच्या काठीवर, '५ वेट' असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते रॉडचं वजन नाही, तो रॉड कुठल्या नंबरची लाइन (म्हणजे ती वजनदार दोरी) पेलतो ते आहे. लाइनचे पहिले ३० फूट तोलून हा नंबर ठरतो, ५ नंबरचे ते ३० फूट साधारण १४० ग्रेन म्हणजे ९ ग्रॅम भरतात. ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) आणि तेवढ्याच अंगाच्या माशांसाठी ९ फुटी ५ वेट रॉड घ्या आणि विषय संपवा, समुद्रातल्या दांडग्या माशांना ८ आणि त्याच्या वरचे लागतात पण ते नंतर बघू. लाइनच्या खोक्यावर 'डब्ल्यूएफ५एफ' बघून घ्यायचं: वजन पुढच्या भागात, ५ नंबर, आणि पाण्यावर तरंगणारी. रॉड आणि लाइनचे नंबर जुळायलाच हवेत.

पैसे कुठे घालायचे म्हणाल तर लाइनवर. लोक भारीतला रील घेऊन येतात आणि लाइन मात्र मिळेल ती, आणि मग ती गुंडाळीच्या आकारातच वेटोळी पडून राहते. छोट्या माशांसाठी रील म्हणजे दोरी ठेवायची जागा, त्यावर खर्च करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. आत आधी बॅकिंग म्हणून साधा मजबूत दोरा भरायचा, त्यावर लाइन, लाइनच्या टोकाला लीडर नावाचा ९ फुटी दोरा जो जाडकडून बारीक होत जातो, आणि त्याच्या पुढे टिपेट, म्हणजे शेवटचा बारीक दोरा, ज्याला माशी बांधतात. टिपेटच्या नंबरात सगळे गोंधळतात. त्यावर ५एक्स असं लिहिलेलं असतं, त्यातला आकडा ११ मधून वजा करा, उरेल तेवढे हजारांश इंच जाडी, म्हणजे ५एक्स झाला ६ हजारांश, जेमतेम ०.१५ मिलिमीटर. थोडक्यात आकडा मोठा तर टिपेट बारीक. काट्यांचंही तसंच, १६ नंबरची माशी १२ पेक्षा लहान. माशीच्या नंबरला ३ ने भागलं की साधारण कुठला टिपेट ते कळतं, १२ ला ४एक्स, १५-१६ ला ५एक्स.

माश्या शेकड्यांनी मिळतात, डबा भरायच्या भानगडीत पडू नका. पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय (अ‍ॅडम्स, एल्क हेअर कॅडिस), पाण्याखाली जाणारी निंफ (फेझंट टेल), आणि छोट्या माशासारखी ओढत आणायची स्ट्रीमर (वुली बगर), एवढ्यावर बराच काळ निघतो. मजा ड्राय फ्लायची, मासा वर येऊन घेताना दिसतो ना, पण ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच चालतं, तेव्हा हात हलवत परतायचं नसेल तर निंफ शिकून घ्या.

गाठीत घाई नको. क्लिंच नॉट: टिपेट काट्याच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या भोकातून, ओवा, टोक मुख्य दोऱ्याभोवती पाच वेळा फिरवा, मग डोळ्याजवळच्या फटीतून परत काढा. ओढायच्या आधी थुंकीने ओली करायची, कोरडी ओढली की घासून तापते आणि दोरा तिथेच कमजोर होतो. मासा सुटून गेला तर तुटलेलं टोक बघा, ते डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर दोरा तुटला नाही, तुमची गाठ सरकली.

कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, पाण्यावर शिकूच नका. गवतावर या, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, ३० फूट लाइन बाहेर काढा. रॉडचं टोक खालून सुरू करून मागे उचलायचं, हळू सुरुवात, वेग वाढवत नेत खांद्याच्या जरा मागे एकदम खटकन थांबायचं. हे थांबणंच सगळं काम करतं, वाकलेला रॉड तिथे सरळ होतो आणि लाइन मागे फेकतो. मग वाट बघा. मान वळवून मागे बघा, बिनधास्त, लाइनचा वळसा उलगडत जातो, सरळ होता होता हाताला हलकी ओढ लागते, तेव्हाच पुढे. नवीन माणूस इथेच घाई करतो, मागे चाबकासारखा 'फट्' आवाज आला तर समजा आधीच निघालात आणि कधी कधी माशीही तुटून गेलेली असते. मनगट मोडू नका, नाहीतर रॉड मागे आडवा होतो आणि लाइन गवतात. पुढच्या कास्टला एकदम झटका दिलात तर लाइन स्वतःलाच ओलांडते आणि लीडरला बारीक गाठ बसते, लोक तिला वाऱ्याची गाठ म्हणतात, वाऱ्याचा काही दोष नसतो. पण ती दिसली की टिपेट बदला, तिथेच तुटणार. मागे झाडी असेल तर रोल कास्ट, त्यात लाइन मागे जातच नाही.

पाण्यावर गेलात की डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच, काटा कानाजवळून जातो. लाइन पडल्यावर रॉडच्या हाताच्या बोटाखाली धरा आणि दुसऱ्या हाताने ढिली लाइन ओढत राहा. मधला प्रवाह जोरात असेल तर तो लाइनला पोट काढतो आणि माशी ओढली जाते, खऱ्या किड्यासारखी वाहत नाही, मासा बघतो आणि जातो. ते पोट रॉडच्या टोकाने अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं, याला मेंड म्हणतात, आणि खरं सांगू तर लांब कास्टपेक्षा हे जास्त मासे देतं. ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवा आणि निघा, बहुतेक रॉड कार्बनचे असतात आणि त्यातून वीज जाते.

माशाने घेतली की रॉड नुसता उचला, हिसका नको, ०.१५ मिलिमीटरचा दोरा आहे तो. सोडून द्यायचा असेल तर काट्याच्या टोकाजवळचं उलटं नख आधीच चिमट्याने दाबून ठेवा, हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरायचा, शेपूट मारून स्वतः निघाला की हात सोडा, ढकलू नका. आणि पुढच्या कास्टआधी टिपेट बोटांच्या चिमटीतून एकदा ओढून बघा, दातांनी खरवडलेला लागला तर तेवढा कापून माशी पुन्हा बांधा.