अमेरिकेतली सर्जरी रेसिडेन्सी: मुलाखतींचा हंगाम कसा पार पाडावा

आपल्याकडे एमएसची जागा नीट पीजीच्या रँकवर ठरते, त्यामुळे भारतातून अर्ज करणाऱ्या बहुतेकांना मुलाखतीची सवयच नसते. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, परीक्षेचे गुण तुम्हाला मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. मुलाखतींनंतर प्रोग्राम (हॉस्पिटलचा प्रशिक्षण विभाग) आणि अर्जदार दोघेही आपापल्या पसंतीची यादी देतात. प्रोग्राम आपल्या यादीत तुम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवतो, हे मात्र बरंचसं त्या दिवसावर ठरतं.

ईरासवरचे (रेसिडेन्सीच्या अर्जांच्या ऑनलाइन व्यवस्थेवरचे) अर्ज सप्टेंबरअखेर प्रोग्रामना दिसू लागतात. मुलाखती साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालतात आणि २०२० नंतर बहुतांश ऑनलाइनच होतात. आमंत्रणाचा मेल तिकडच्या कामाच्या वेळेत येतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी किंवा रात्री. मेलला वेगळी रिंगटोन लावा, स्पॅम फोल्डर रोज उघडा. झोपेच्या वेळात घरच्या कुणाला तरी मेलवर लक्ष ठेवायला सांगा आणि मोकळ्या तारखांची यादी त्यांच्याकडे देऊन ठेवा. सकाळी उठून उत्तर देऊ म्हणणाऱ्याच्या वाट्याला उरलेल्या तारखा येतात. आमंत्रण कॅटेगोरिकल जागेचं आहे की प्रिलिमिनरी, हे तेव्हाच बघून घ्या. पहिली पूर्ण पाच वर्षांची. दुसरी बहुधा एकाच वर्षाची, आणि पुढच्या वर्षाची हमी नसलेली.

वेळेचा घोळ दरवर्षी कुणाची तरी मुलाखत खातो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नंतर साडेदहा. डिसेंबरात सकाळी ८ ची मुलाखत न्यूयॉर्कची असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे ६:३०, शिकागोची असेल तर ७:३०, लॉस एंजेलिसची असेल तर रात्रीचे ९:३०. शेवटच्या ठिकाणी दुपारी १ पर्यंत कार्यक्रम चालला की तुमच्याकडे पहाटेचे २:३० वाजलेले असतात आणि तारीखही बदललेली असते. म्हणून कॅलेंडरमध्ये दोन्ही वेळा आणि दोन्ही तारखा लिहा. आदल्या संध्याकाळी रेसिडेंट्सशी गप्पांचा कार्यक्रम असतो. पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी ७ ची वेळ म्हणजे आपले थंडीतले पहाटे ५:३०. शक्य असेल तर तो चुकवू नका. फॅकल्टी तिथे नसतात, त्यामुळे खरी माहिती तिथेच मिळते. पण तिथलं तुमचं वागणंही वरपर्यंत पोचू शकतं, हे विसरू नका.

राउटरला छोटा यूपीएस, लॅपटॉपला लॅनची केबल, शिवाय दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार हवा. वीज जाणं हे आपल्याकडे कारण म्हणून खरं असलं तरी स्लॉट परत मिळेलच असं नाही. कोऑर्डिनेटरचा (प्रोग्रामची व्यवस्था पाहणाऱ्याचा) फोन नंबर कागदावर लिहून समोर चिकटवा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला, उजेड समोरून, पंखा बंद. झूमवरचं नाव अर्जातल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

आता उत्तरांकडे. अर्जातली प्रत्येक ओळ हा एक संभाव्य प्रश्न आहे. पेपरमध्ये तुमचं नाव असेल तर रुग्ण किती होते, निष्कर्ष काय निघाला आणि त्यात तुम्ही नेमकं काय केलं, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. आपली मुलं इथेच अडकतात. ‘आम्ही केलं, युनिटने केलं’ अशी बोलायची सवय असते, आणि ऐकणाऱ्याला तुमचा वाटा कळतच नाही. ऑपरेशनचा अनुभव फुगवून सांगणं त्याहून वाईट. रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं उपकरण) धरला असेल तर रिट्रॅक्टर धरला म्हणा, त्वचा शिवली असेल तर त्वचा शिवली म्हणा. समोरचा सर्जन पुढच्या दोन प्रश्नांत खरं काय ते काढतो.

गुंतागुंतीच्या केसबद्दल किंवा चुकीबद्दल बहुधा विचारतातच. ‘रुग्ण सिरिअस होता, टीमने मेहनत घेतली, तो बरा झाला’ या उत्तरात काहीच नाही. त्याऐवजी असं: उजव्या हेमिकोलेक्टॉमीनंतरचा (मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढल्यानंतरचा) चौथा दिवस, नाडी १२०, पोट फुगलेलं, पोटातल्या नळीतून (ड्रेन) गढूळ द्रव. मी ते किती वाजता पाहिलं, सिनिअरला किती मिनिटांत फोन केला, फोनवर काय सांगितलं, उशीर झाला असेल तर का झाला, आणि त्यानंतर मी स्वतःची कोणती सवय बदलली. रात्री ३ वाजता हा इंटर्न (तिकडे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टर) आपल्याला वेळेवर उठवेल का, हे विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं. तुमच्या हुशारीचा भाग अर्जात आलेलाच आहे. अशा पाच-सहा केसेस तयार ठेवा, पण मुद्द्यांपुरत्याच. पाठांतर कॅमेऱ्यावर लगेच ओळखू येतं. इथे एमएस झालेल्यांना ‘पुन्हा इंटर्न व्हायला जमेल का?’ हा प्रश्न येणारच. तिथे आवाजात कुरकुर नको.

प्रश्न विचारायची पाळी तुमचीही येते. बोर्डाच्या परीक्षेसाठी (सर्जन म्हणून तज्ज्ञतेची मान्यता देणाऱ्या) किमान ८५० ऑपरेशनच्या केसेस लागतात, तेव्हा मागच्या चीफ (शेवटच्या वर्षाच्या) रेसिडेंट्सनी किती केसेस केल्या ते विचारा. प्रिलिमिनरीतले लोक पुढे कुठे गेले, हेही विचारा आणि उत्तर येण्याआधी किती वेळ शांतता पडते तेही बघा. व्हिसाचं मात्र कोऑर्डिनेटरला मेलवर विचारा: फक्त जे-वन, की एच-वन-बीही? एच-वन-बीसाठी स्टेप ३ (अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेचा शेवटचा टप्पा) आधीच पास असावी लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलरचं शुल्क लागू झालं, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

‘आम्हाला कितवा क्रमांक देणार?’ किंवा ‘आणखी कुठे मुलाखती आहेत?’ असं विचारायला प्रोग्रामना मनाई आहे. तरी कुणी विचारलंच तर वाद न घालता ‘इथल्या कामात मला खूप रस आहे’ म्हणून पुढे जा. मुलाखतीनंतर आभाराचा मेल चार ओळींचा, आणि प्रोग्रामने नको सांगितलं असेल तर अजिबात नाही. ‘तुम्हीच माझे पहिले’ हे एकाच ठिकाणी लिहायचं असतं. समोरून गोड मेल आला तरी त्यावर यादी बदलू नका.

मॅचची, म्हणजे दोन्हीकडच्या याद्या जुळवून जागा ठरवण्याची, गणिती पद्धत अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होते, म्हणून रँक यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लावा. ‘मला कोण घेईल’ या अंदाजाने लावलेली यादी फक्त तुमचंच नुकसान करते. जिथे जायचंच नाही ते नाव घालू नका, कारण मॅच बंधनकारक असतो. यादीत बदल केलात की पुन्हा सर्टिफाय (ऑनलाइन पक्की) करायला विसरू नका.

मार्चमधल्या मॅच वीकच्या सोमवारी जागा मिळाली की नाही एवढंच कळतं; कुठे, ते शुक्रवारी. मिळाली नसेल तर त्याच आठवड्यात सोपची (उरलेल्या जागा भरण्याची) फेरी होते. तिथे प्रिलिमिनरी सर्जरीच्या जागा बऱ्याच असतात आणि उत्तर द्यायला जेमतेम दोन तास मिळतात. स्वीकारलेली ऑफरही बंधनकारक असते, तेव्हा एका वर्षाची जागा घ्यायची की नाही, हे घरच्यांशी बोलून फेब्रुवारीतच ठरवून ठेवा.