दोन रेषा समांतर आहेत का? आधी तिरका गुणाकार करा

माझ्या शिकवणीतली दहावीची मुलं समीकरणं दिसली की लगेच आलेखकागद काढतात. मी म्हणते, थांबा, पट्टी नंतर.

घ्या: ३क्ष − २य = ७ आणि ६य = ९क्ष + ४. दुसरं आधी सरळ मांडा, क्ष आणि य एकाच बाजूला: ९क्ष − ६य = −४. चिन्हांची गफलत हमखास इथेच होते, म्हणून ही ओळ मनात नको, वहीत लिहा.

आता सहगुणकांचा तिरका गुणाकार. ३ × (−६) = −१८ आणि ९ × (−२) = −१८. सारखे आले, म्हणजे चढ सारखा. पण लगेच ‘समांतर’ लिहून मोकळं व्हायचं नाही! पहिल्या समीकरणाला ३ ने गुणा: ९क्ष − ६य = २१. डावी बाजू तीच, उजवीकडे मात्र २१ आणि −४. म्हणून समांतर. तिथेही २१ असतं तर ती एकच रेषा, दोनदा लिहिलेली.

चढ काढूनही हे जमतं, पण क्ष = ४ आणि २क्ष = ५ अशा उभ्या रेषांना चढच नसतो. तिरका गुणाकार तिथेही चालतो: १ × ० आणि २ × ०.

आणि आलेखावर का विसंबायचं नाही? १०क्ष − ९य = ० आणि ११क्ष − १०य = ५ काढून बघा. डोळ्यांना अगदी समांतर. गुणाकार मात्र −१०० आणि −९९. छेदतात (−४५, −५०) वर, कागदाच्या पार बाहेर.