भित्तिचित्राआधी भिंत : संग्रहालयासोबत काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

शाळेत असताना स्थानिक संग्रहालयाच्या भित्तिचित्र उपक्रमात निवड झाली, की सगळ्यांचे हात आधी वहीकडे वळतात. विषय ठरतो, रेखाटने होतात, मध्यभागी कोणाचा चेहरा असावा यावरून वाद होतात, आणि भिंतीविषयी मात्र कोणी काही विचारत नाही. मी या कामातून गेले आहे आणि पुढे कलाशिक्षणाकडेही वळले आहे. नव्या गटाला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी भिंतीविषयीच सांगेन.

आमच्या चित्राचा खालचा पट्टा पहिल्या पावसाळ्यानंतर फुगला आणि त्याचे पोपडे निघाले. रंग चांगला होता, हातही चांगले होते. दोष भिंतीतल्या ओलीचा होता. जमिनीतले पाणी विटांच्या आणि गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांमधून वर चढते, येताना क्षार विरघळवून आणते आणि पृष्ठभागाजवळ येऊन वाळते. पाणी उडून जाते, क्षार मात्र तिथेच राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. वर ॲक्रिलिक रंगाचा थर असेल, तर हे स्फटिक त्याच्या मागून जोर लावतात आणि थर सुटतो. त्यावर पुन्हा जाड वॉर्निश चढवले, तर ओलीला बाहेर पडण्याची वाट आणखी अरुंद होते. म्हणजे ज्याला आपण संरक्षण समजतो, तेच नुकसान वाढवते.

म्हणून रेखाटन सुरू करण्याआधी ही चाचणी कराच. सुमारे 45 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि किमान 16 तास तसाच राहू द्या. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा त्याखालची भिंत गडद झाली, तर रंगाला हात लावू नका. ही चाचणी एकाच जागी करून भागत नाही. जमिनीलगत, मध्यावर आणि छताच्या पन्हळीखाली अशी वेगवेगळ्या जागी करा, कारण ओल वरूनही उतरते. पांढरी भुकटी दिसली, तर ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत, तर क्षार पुन्हा विरघळून आत शिरतील. आणि झाडून झाले म्हणजे काम संपले असे समजू नका, कारण पाणी येण्याची वाट बंद झाल्याशिवाय लोणा परत येतोच. भिंत नव्याने गिलावा केलेली असेल, तर साधारण 28 दिवस थांबा. ताजा सिमेंटचा गिलावा अतिशय अल्कधर्मी असतो आणि रंगाचा बंध बिघडवतो. उद्घाटनाची तारीख छापली गेली आहे, म्हणून हा काळ कमी करण्याचा आग्रह होईल. तो मान्य करू नका.

हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. भिंत ओली निघाली, तरी काम थांबत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 1984 पासून चालत आलेल्या भित्तिचित्र उपक्रमाने धागे न विणता बनवलेल्या पातळ कापडावर चित्र रंगवून ते नंतर भिंतीवर चिकटवण्याची पद्धत रुळवली आहे. भिंत दुरुस्त होत असताना तुम्ही आत बसून तुकडे रंगवू शकता, आणि उंचीची भीती वाटणाऱ्यांना परांचीवर चढावेही लागत नाही. चिकटवण्यासाठी भिंत कोरडी हवीच, एवढे मात्र विसरू नका.

चित्र मोठे करण्यासाठी अनेक जण प्रोजेक्टर मागतात. माझे मत विरुद्ध आहे. चौकोनांची जाळी आखून चित्र चढवायला वेळ जास्त लागतो, परंतु त्यातून प्रत्येकाला संपूर्ण आकृतीचे प्रमाण कळते. प्रोजेक्टरने केवळ रेषा गिरवली जाते. मार्गदर्शकांबाबतही असेच आहे. जो तुमच्या हातातला ब्रश घेऊन स्वतःच चेहरा पूर्ण करतो, तो कितीही कुशल असला, तरी तुम्हाला शिकवत नाही. संग्रहालयात वस्तूंचे जतन करणारी व्यक्ती असेल, तर तिच्याकडे आधी जा. ओल, ऊन आणि क्षार ओळखणे हे तिचे रोजचे काम असते, आणि मुलांनी मनापासून विचारले, तर असे लोक हातचे राखून सांगत नाहीत.

विषयाबद्दल थोडक्यात सांगते. संग्रहालयातील फलकावरचा मजकूर हा आरंभ आहे. ज्यांच्या जगण्यावर तुम्ही चित्र काढत आहात, त्यांच्याशी बोलल्याशिवाय अंतिम रेखाटन करू नका. चित्रकार ज्युडिथ बाका यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिसमध्ये 1976 ते 1983 या काळात पाच उन्हाळ्यांत 400 हून अधिक तरुणांनी सुमारे 840 मीटर लांबीचे ‘ग्रेट वॉल’ हे भित्तिचित्र रंगवले, तेव्हा इतिहासतज्ज्ञांबरोबर प्रत्यक्ष ते प्रसंग जगलेल्या माणसांशीही बोलणे झाले होते. जुन्या नोंदींत ज्यांना जागा नव्हती, ते लोक त्या भिंतीवर आले.

रंग निवडताना नुसत्या नावावर जाऊ नका. डब्यावर रंगद्रव्याचा संकेतांक आणि प्रकाशस्थिरता (उजेडात रंग किती टिकतो ते) लिहिली आहे का, ते पाहा. गेरूसारखे लोहयुक्त मातीचे रंग आणि थॅलो निळा उन्हात दीर्घकाळ टिकतात, तर चमकदार फ्लोरोसंट रंग लवकर फिके पडतात. वापरलेल्या प्रत्येक रंगाचा एक ठिपका जाड कागदावर लावून त्याखाली रंगद्रव्य, मिश्रणाचे प्रमाण आणि चित्रातली जागा लिहा, आणि तो कागद सर्व सहभागी विद्यार्थ्यांच्या नावांसह संग्रहालयाच्या नोंदीत जमा करा. डागडुजी कोण करणार आणि भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाल्यास तुम्हाला आधी कोण कळवणार, हेही काम सुरू होण्यापूर्वी भिंतीच्या मालकाकडून लेखी घ्या.