शेल्टरमधून कुत्रा आणताय? लगेच वावरात नेऊ नका

शेल्टरमधून कुत्रा आणताना रेबीजची लस कधी दिली, ते कार्डावर तारखेसकट बघा अन् पुढची लस चुकवू नका. नसबंदीचंही विचारा. घरी आल्या आल्या त्याला वावरात मोकळं सोडू नका. नव्या जागी बिथरून पळतो अन् परतीची वाट त्याला ठाऊक नसते. पंधराएक दिवस अंगणातच, कडुनिंबाच्या सावलीत पोतं टाकून लांब दोरीनं बांधा. आमची काळी चार दिवस बैलबंडीखालून निघालीच नाही. भाकर तिथंच सरकवून द्यायचो. पाचव्या दिवशी शेपटी हलली! कपाशीवर फवारणी चालू असेल तर मात्र तिकडं अजिबात नको. ड्रमातलं औषधाचं पाणी चाटलं तरी जीव जाऊ शकतो. कानामागे गोचीड रोज बघा.