परदेशातली कमाई आणि आपली कमाई: तुलनेसाठी कोणता दर धरावा

नाशिकमधल्या एखाद्या घरातला मुलगा अमेरिकेत नोकरीला लागला की त्याचा डॉलरमधला पगार बँकेच्या दराने गुणून रुपयांत सांगितला जातो. घरी पाठवलेल्या पैशांचे इथे किती रुपये होतील, एवढेच त्या आकड्यावरून कळते. तिथे राहून त्या पगारात काय परवडेल, हे कळत नाही. म्हणून आपल्याला नेमके काय मोजायचे आहे, ते आधी ठरवावे आणि मगच दर निवडावा.

राहणीमानाची तुलना करायची असेल तर क्रयशक्ती समता दर घ्यावा, म्हणजे त्याच वस्तू व सेवा दोन्ही देशांत घ्यायला किती पैसे लागतात यावरून काढलेला दर. समजा, कॉलेज रोडवर केस कापायला १०० रुपये लागतात आणि अमेरिकेत २५ डॉलर; म्हणजे या कामापुरता डॉलर ४ रुपयांचा झाला. एकच मोबाइल इथे १६,००० रुपयांना आणि तिथे २०० डॉलरला मिळत असेल, तर डॉलर ८० रुपयांचा होतो. या दोहोंची साधी सरासरी ४२ येते. पण हिशेब उलटा करून रुपयाला किती डॉलर असे मांडले, तर तीच सरासरी डॉलरला सुमारे ७.६ रुपये असे सांगते. हा घोळ टाळण्यासाठी गुणोत्तर मध्य काढावा: ४ गुणिले ८० यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १७.९, आणि ते कोणत्याही बाजूने तेवढेच राहते. प्रत्यक्षात शेकडो वस्तू व सेवा घेऊन, लोक कशावर किती खर्च करतात त्यानुसार त्यांना भार दिला जातो. निफाडची द्राक्षे जहाजाने युरोपला जातात, केस कापण्याचे काम जात नाही. त्यामुळे मजुरी कमी असलेल्या देशात अशा सेवा स्वस्तच राहतात, आणि हा दर व बँकेचा विनिमय दर यांतल्या तफावतीचे मोठे कारण हेच आहे.

जागतिक बँकेच्या समन्वयाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीत भारताचा क्रयशक्ती समता दर डॉलरला २०.६५ रुपये होता, तर बाजारातील विनिमय दर ६५.१२ रुपये. म्हणजे रुपयांतले सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या दराने भागले, तर ते दुसऱ्या दराने येणाऱ्या आकड्याच्या सुमारे ३.१५ पट भरते. या पद्धतीने भारत जगात तिसरा आला. मात्र त्यावरून सुबत्तेचा निष्कर्ष काढण्यापूर्वी लोकसंख्येने भागायलाच हवे.

अनेक वर्षांची वाढ पाहताना एकाच आधारवर्षाच्या स्थिर किमतींतले, म्हणजे महागाई वगळलेले, आकडे घ्यावेत. लोकांना काय विकत घेता येते याऐवजी देशाची उत्पादनक्षमता तोलायची असेल, तर पेन वर्ल्ड टेबल या देशोदेशींच्या उत्पन्नाच्या आकडेसंग्रहात खर्चाच्या आणि उत्पादनाच्या बाजूने काढलेले आकडे वेगवेगळे मिळतात, त्यांतले दुसरे वापरावेत. खनिज तेलाची आयात किंवा परकीय कर्ज यांचा हिशेब मात्र विनिमय दरानेच करावा, कारण तिथे द्यावे लागतात ते खरे डॉलर.

शिवाय क्रयशक्ती समता दर संपूर्ण देशाची सरासरी असतो. नाशिकचे आणि मुंबईचे घरभाडे सारखे नसते; त्यामुळे एकाच कुटुंबाचा प्रश्न असेल, तर दोन्ही शहरांतले भाडे, किराणा आणि प्रवासखर्च प्रत्यक्ष विचारून आपले कोष्टक आपणच मांडावे.